लस दिली, तरी बाळाला हिपॅटायटिस बी? आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असताना नेमके काय करायचे

हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येत असतात आणि ते साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला प्रश्न गरोदर बाईचा किंवा तिच्या नवऱ्याचा: ‘काविळीचा बी रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. बाळाला लस दिली की झाले ना?’ दुसरा वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या आईवडिलांचा असतो आणि त्यात घाबरलेपण स्पष्ट दिसते: ‘सगळ्या लसी वेळेवर दिल्या, कार्ड भरलेले आहे, तरी मूल पॉझिटिव्ह निघाले. विषाणू बदललाय म्हणून लस चालली नाही, असे कुणीतरी सांगितले. खरे आहे का?’

विषाणू बदलतो, हे खरे आहे. पण लस घेऊनही ज्या बाळांना लागण होते, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण दुसरे असते. आईच्या रक्तात विषाणू फार मोठ्या संख्येने असतो, किंवा जन्मानंतरची दोन इंजेक्शने उशिरा दिली जातात, किंवा त्यातले एक दिलेच जात नाही. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांना दिली आहे. बदललेल्या विषाणूचे प्रकरण पुढे स्वतंत्रपणे येते.

एवढी घाई कशासाठी?

मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण झाली, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर तो विषाणू स्वतःच बाहेर काढते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत हे गणित उलटे होते. त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के मुलांत विषाणू कायमचा वस्तीला येतो. मूल छान खेळते, वजन वाढते, डोळे पिवळे होत नाहीत आणि तिशी-चाळिशीत यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते.

एक गैरसमज इथेच दूर करू. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसते, त्या काविळीचा या आजाराशी संबंध नाही. बाळ पिवळे झाले म्हणून लागण झाली असे समजू नका. पिवळे झाले नाही म्हणून सुटलो, असेही समजू नका.

गरोदरपणात रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’ आला, आता पुढे?

नाव नोंदवल्यावर रक्ताच्या ज्या तपासण्या होतात, त्यांत एचबीएसएजी ही एक असते. जुने डॉक्टर तिला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांकडून पुढच्या तपासण्या मागून घ्या:

- व्हायरल लोड, म्हणजे एचबीव्ही डीएनए. रक्तात विषाणू किती आहे, हे यातून कळते. बाळाचा धोका ठरवणारा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे.
- ई-अँटिजेन, म्हणजे एचबीईएजी. हा पॉझिटिव्ह असेल आणि बाळाला काहीच संरक्षण दिले नाही, तर ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते.
- यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या. एसजीपीटी, सोनोग्राफी आणि क्रिएटिनीन.
- एचआयव्हीचा रिपोर्ट. तो बहुधा आधीच झालेला असतो. हिपॅटायटिसच्या डॉक्टरांनी तो पाहिलेला आहे ना, याची खात्री करा, कारण दोन्ही असतील तर औषधयोजना वेगळी असते.

इथे एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात. ई-अँटिजेन निगेटिव्ह आला की ‘विषाणू झोपलेला आहे, काळजी नको’ असे सांगून बाईला घरी पाठवले जाते. पण विषाणूचा एक बदललेला प्रकार असा आहे, की जो ई-अँटिजेन बनवतच नाही आणि तरी जोमाने वाढतो. आपल्या देशात हा प्रकार दुर्मीळ नाही. अशा आईच्या बाळाला लागण झाली, तर क्वचित दोन-चार महिन्यांच्या वयात त्याला यकृताचा अतिशय तीव्र आजार होतो. म्हणून ई-अँटिजेन निगेटिव्ह असला, तरी व्हायरल लोडची तपासणी टाळू नका. पैशांमुळे दोन्हींपैकी एकच तपासणी शक्य असेल, तर व्हायरल लोड करा. सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्याची गोळी

व्हायरल लोड प्रति मिली २ लाख आययू किंवा त्याहून जास्त असेल, तर आईला टेनोफोव्हिर ही रोज एक गोळी सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ही गोळी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून देण्याची शिफारस केली. २०२४ च्या मार्गदर्शनात ती आणखी आधी, दुसऱ्या तिमाहीपासून सुरू करायलाही वाव दिला आहे. व्हायरल लोड करण्याची सोय नसेल आणि ई-अँटिजेन पॉझिटिव्ह असेल, तरी गोळी देता येते.

गोळीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. सदतिसाव्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला, तर तिचा उपयोग फार कमी उरतो. म्हणून सहावा महिना संपण्याच्या आत व्हायरल लोडचा आकडा तुमच्या फाइलमध्ये असायला हवा.

या गोळीबद्दल तीन गोष्टी:

- बाळंतपण झाले म्हणून ती मनाने बंद करू नका. काही आयांना ती स्वतःच्या यकृतासाठी पुढे चालू ठेवावी लागते. ज्यांची बंद होते, त्यांचे एसजीपीटी काही महिने तपासावे लागते, कारण बंद केल्यावर आजार उसळू शकतो.
- गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते.
- पूर्वी कधी लॅमिव्ह्युडिन नावाचे औषध घेतले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. याचे कारण पुढे येईल.

काविळीची माळ, नाकात सोडायचे थेंब, गावठी मुळी यांपैकी काहीही या विषाणूवर चालत नाही. गरोदरपणात तर असले काही पोटात घेणे सरळ धोक्याचे आहे.

माहेरच्या बाळंतपणाची फाइल

हा भाग वैद्यकीय पुस्तकांत सापडणार नाही, पण आपल्याकडे बाळाचे संरक्षण हुकते ते बरेचदा इथेच. नाव सासरच्या गावी नोंदवलेले, तपासण्या तिथल्या दवाखान्यात, सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की मुलगी माहेरी. येताना पिशवीत साड्या असतात, सोनोग्राफीचे फोटो असतात, रक्ताचा रिपोर्ट मात्र सासरी कपाटात राहतो. कधी तो मुद्दामच आणलेला नसतो, कारण माहेरी कळू द्यायचे नसते. कळा सुरू झाल्यावर नव्या दवाखान्यात ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगितले जाते आणि बाळाच्या हातातून पहिले बारा तास निसटतात.

म्हणून:

- एचबीएसएजी आणि व्हायरल लोडच्या रिपोर्टची झेरॉक्स माता व बाल संरक्षण कार्डाला पिन करून ठेवा. फोटो आईच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा.
- बाळंतपण जिथे करायचे आहे, तिथे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन या. रिपोर्ट दाखवा आणि बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन आणि जन्माची लस तयार असेल का, हे विचारा.
- आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना विश्वासात घ्या. गुप्तता पाळणे हे त्यांच्या कामाचाच भाग आहे.
- रिपोर्ट हरवला असेल, तर प्रसूतीसाठी दाखल होताच एचबीएसएजी पुन्हा करायला सांगा. आणि त्या रिपोर्टसाठी बाळाची लस थांबवू देऊ नका.

जन्मानंतरचे पहिले बारा तास

बाळाला दोन इंजेक्शने लागतात. दोन्ही वेगळी आहेत आणि एक दिले म्हणून दुसरे टळत नाही.

पहिले हिपॅटायटिस बीची लस. राष्ट्रीय लसीकरणात ती जन्मानंतर २४ तासांच्या आत प्रत्येक बाळाला द्यायची असते. आई पॉझिटिव्ह असेल, तर १२ तासांच्या आतच. तिच्यामुळे बाळाचे शरीर स्वतःची प्रतिकारद्रव्ये बनवायला शिकते, पण त्याला काही आठवडे जातात.

दुसरे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, फाइलवर बहुधा ‘एचबीआयजी’ असे लिहिलेले असते. ही तयार प्रतिकारद्रव्ये असतात आणि ती लगेच काम सुरू करतात. बाळाचे स्वतःचे संरक्षण उभे राहीपर्यंतची मधली फट ती भरून काढतात. हेही १२ तासांच्या आत हवे.

प्रसूतिगृहात या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- इंजेक्शने दोन वेगवेगळ्या मांड्यांत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्यायची. कुल्ल्यावर दिलेली लस नीट लागू पडत नाही.
- सुई टोचण्याआधी बाळाच्या अंगावरचे आईचे रक्त पुसून ती जागा स्वच्छ केलेली हवी.
- वजन दोन किलोपेक्षा कमी असले किंवा बाळ दिवसांआधी जन्मले, तरी दोन्ही इंजेक्शने द्यायची. फक्त अशा बाळाचा हा डोस हिशेबात धरत नाहीत. पुढे आणखी तीन डोस पूर्ण व्हायला हवेत.
- बाळाला काचेत ठेवले किंवा दुसऱ्या दवाखान्यात हलवले, तर इंजेक्शने ‘तिकडे देतील’ या भरवशावर राहतात आणि कुणीच देत नाही. हलवण्याआधीच देऊन घ्या, नाहीतर सोबतच्या पत्रावर ‘दिलेले नाही’ असे स्पष्ट लिहून घ्या.
- तारखेबरोबर वेळही कार्डावर लिहून घ्या. ‘रात्री ११.४० ला जन्म, १२.५० ला लस आणि एचबीआयजी’ एवढी एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

बारा तास उलटून गेले असतील, तर? तरीही द्या, ताबडतोब द्या. ‘चोवीस तास झाले, आता दीड महिन्याच्या लसीलाच या’ हे उत्तर पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी मान्य करू नका. इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग तासागणिक घटत जातो, तरी पहिल्या सात दिवसांपर्यंत ते देतात. आणि कितीही शोधून ते मिळालेच नाही, तर निदान लस वेळेवर द्या. एकटी लससुद्धा पुष्कळ बाळांना वाचवते.

इम्युनोग्लोब्युलिन महाग असते, बाहेर काही हजार रुपयांना पडते आणि तालुक्याच्या गावी रविवारी रात्री मेडिकलच्या दुकानात सहसा मिळत नाही. बाळंतपण खासगी दवाखान्यात होणार असेल, तर ते आधीच मागवून त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगा.

वेळेवर देण्याने किती फरक पडतो, याचा एक पुरावा थायलंडमधून मिळाला. तिथल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्या आया ई-अँटिजेन पॉझिटिव्ह होत्या. निम्म्यांना टेनोफोव्हिर दिले, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांतल्या बाळांना लस आणि इम्युनोग्लोब्युलिन साधारण सव्वा तासाच्या आसपासच मिळाले होते. औषध मिळालेल्या गटात एकाही बाळाला लागण झाली नाही. पण औषध न मिळालेल्या गटातही १४७ पैकी फक्त ३ बाळांना झाली. इतक्या जास्त धोक्याच्या आया असूनही दोन टक्केच! इंजेक्शनांची घाई करायला मी का सांगतो आहे, ते यावरून लक्षात यावे.

लस गोठली, तर वाया गेली

लस गरम झाल्याची काळजी सगळे घेतात. या लसीला मात्र गोठण्याचा धोका जास्त आहे. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असते. एकदा गोठून वितळली, की दिसायला तशीच पांढरट राहते, पण तिची ताकद गेलेली असते. बाटली हलवून टेबलावर ठेवली, की चांगल्या लसीचा सारखा पांढरा गढूळपणा बराच वेळ टिकतो. गोठून वितळलेल्या लसीत कण दिसतात आणि ते भराभर तळाशी बसतात. आरोग्य कर्मचारी याच तत्त्वावर, मुद्दाम गोठवलेली बाटली शेजारी ठेवून शंकास्पद बाटली पारखतात.

तुम्ही लस किंवा इम्युनोग्लोब्युलिन मेडिकलमधून स्वतः नेणार असाल, तर बर्फाला थेट चिकटवून नेऊ नका, मध्ये जाड कागद किंवा कापड घाला. घरी ठेवायची वेळ आली, तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही.

सिझेरियन आणि अंगावरचे दूध

फक्त हिपॅटायटिस बीसाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. बाळाला अंगावर पाजा. इंजेक्शने होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल, तर त्या बाजूचे दूध बरे होईपर्यंत थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस

पुढचे तीन डोस पेंटाव्हॅलेंट लसीतूनच सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळतात. सर्दी-खोकला आहे, आई गावाला गेली आहे, कारखान्याचा हंगाम आहे अशा कारणांनी ते मागे पडतात. इतर बाळांचा एखादा डोस महिनाभर उशिरा झाला, तर सहसा निभावते. तुमच्या बाळाच्या आसपास विषाणू रोज आहे. तारीख पाळा.

नऊ महिन्यांनंतरची तपासणी, जी कुणी करत नाही

लसी पूर्ण झाल्या म्हणजे बाळ सुरक्षित झाले, असे गृहीत धरता येत नाही, ते रक्त तपासूनच ठरते. वयाच्या ९ ते १२ महिन्यांत, शेवटच्या डोसनंतर किमान एक महिना गेल्यावर दोन तपासण्या करा: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, म्हणजे प्रतिकारद्रव्याची पातळी आकड्यात.

आधी तपासू नका. लसीनंतर काही दिवस लसीतलेच प्रथिन रक्तात दिसून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. जन्माला येताच नाळेच्या रक्तावर केलेली तपासणी आईच्या रक्तामुळे फसवते. आणि इम्युनोग्लोब्युलिनची तयार प्रतिकारद्रव्ये काही महिने रक्तात राहत असल्याने ‘संरक्षण आहे’ असे खोटेच वाटू शकते. अँटी-एचबीसी नावाची तपासणी या वयात सांगितली, तर ती कशासाठी हे विचारा. आईची ती प्रतिकारद्रव्ये बाळात दीड-दोन वर्षांपर्यंत सापडतात आणि उगाच घाबरवतात.

रिपोर्ट असा वाचा:

- एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस १० किंवा जास्त. बाळ सुरक्षित आहे. ही तपासणी पुन्हा पुन्हा करत बसू नका.
- एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस १० पेक्षा कमी. लागण नाही, पण संरक्षणही पुरेसे नाही. आणखी एक डोस देऊन महिन्याने तपासतात, किंवा पूर्ण तीन डोस पुन्हा देतात. यानंतर बहुतेक बाळांची पातळी वर येते.
- एचबीएसएजी पॉझिटिव्ह. लागण झाली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा करून पक्के करतात.
- दोन्ही पॉझिटिव्ह. लागण आहे आणि प्रतिकारद्रव्येही आहेत. बदललेल्या विषाणूची शंका घ्यायची, ती प्रामुख्याने इथे.

विषाणू बदलतो म्हणजे काय होते?

हा विषाणू आपली प्रत काढताना चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. एखादी मात्र त्याच्या पथ्यावर पडते. लस बाळाच्या शरीराला विषाणूच्या बाह्य आवरणातला एक ठरावीक भाग ओळखायला शिकवते. फरारी माणसाचे वर्णन ‘मिशीवाला’ असे दिलेले असावे आणि त्याने मिशीच काढून टाकावी, तसे त्या भागातले एक अमिनो आम्ल बदलले, की प्रतिकारद्रव्यांना तो नीट ओळखू येत नाही.

असा पहिला ठळक पुरावा इटलीतल्या एका बाळात मिळाला. आई पॉझिटिव्ह होती, बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिले होते, तरी लागण झाली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे वर्णन आले. आवरणाच्या प्रथिनात १४५ व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आलेले होते. रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात ‘जी १४५ आर’ असे ऐकलेत, तर तो हाच बदल.

मग लस निरुपयोगी होत चालली आहे का? तैवानचा अनुभव पाहा. पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना लस देण्याची देशव्यापी मोहीम तिथे १९८४ मध्ये सुरू झाली आणि पुढे सगळ्याच बाळांसाठी खुली झाली. त्यानंतर लागण झालेल्या मुलांमध्ये अशा बदललेल्या विषाणूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून दहा वर्षांत २८ टक्क्यांपर्यंत गेले. एवढाच आकडा कुणी पुढे केला, तर धडकी भरेल. पण त्याच दहा वर्षांत लागण असलेल्या मुलांचे एकूण प्रमाणच ९.८ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आले होते. म्हणजे बदललेला विषाणू पसरला नाही, साधा विषाणू लसीने हटवला आणि जो थोडका उरला त्यात बदललेल्याचा वाटा मोठा दिसू लागला. मुलांमधला यकृताचा कर्करोगही तिथे कमी झाला.

आणखी एक गोष्ट. १९९९ मध्ये चिंपांझींवर झालेल्या प्रयोगात, आधी नीट लस दिलेल्या प्राण्यांना हाच बदललेला विषाणू टोचूनही लागण झाली नाही. मग बाळच का सापडते? कारण बाळाचा आणि विषाणूचा सामना होतो, तेव्हा बाळाचे स्वतःचे संरक्षण उभेच राहिलेले नसते, आणि आईच्या रक्तातल्या कोट्यवधी विषाणूंत एखादा बदललेला आधीपासून असू शकतो. प्रतिकारद्रव्ये बाकीच्यांना रोखतात, तो एकटा वाढतो. म्हणून बदललेल्या विषाणूवरचा उपायही तोच ठरतो: आईच्या रक्तातला विषाणू आधीच कमी करणे आणि बाळाला वेळ न दवडता इंजेक्शने देणे.

लॅमिव्ह्युडिनबद्दल वर लिहिले, त्याचे कारण असे, की हे औषध ज्या एन्झाइमवर काम करते, त्याचे जनुक आणि आवरणाच्या प्रथिनाचे जनुक विषाणूत एकमेकांवर चढलेले असतात. औषधाला दाद न देणारा विषाणू तयार झाला, की कधी कधी त्याचे आवरणही त्याच फेऱ्यात बदलते. टेनोफोव्हिरच्या बाबतीत औषधाला दाद न देणे फारच क्वचित दिसते.

तुम्ही काय करायचे, तर एवढेच:

- दोन्ही पॉझिटिव्ह असा रिपोर्ट आला, किंवा एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही बाळाचे एसजीपीटी कारणाशिवाय वाढलेले राहिले, तर बाळाचा एचबीव्ही डीएनए तपासून घ्या. काही तपासणी-किट बदललेले आवरण ओळखत नाहीत, डीएनएची तपासणी त्यात फसत नाही.
- विषाणूचा नेमका बदल शोधणारी सिक्वेन्सिंगची तपासणी मोठ्या संस्थांतच होते. तिच्या निकालाने मुलाचे उपचार सहसा बदलत नाहीत. तेवढ्यासाठी कर्ज काढू नका.
- पुढच्या बाळंतपणात लस घेण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष काढू नका. आधीचे मूल पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या गरोदरपणात व्हायरल लोड आणि गोळीकडे अधिक काटेकोरपणे पाहायला हवे, हाच त्याचा अर्थ.

मूल पॉझिटिव्ह निघालेच, तर

बालरोगतज्ज्ञांमार्फत यकृताच्या तज्ज्ञांना दाखवा. लहान वयात बहुतेक मुलांना औषध लगेच लागत नाही, दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एसजीपीटी, डीएनए आणि गरजेनुसार सोनोग्राफी करत नजर ठेवावी लागते. औषधाची वेळ तज्ज्ञ ठरवतील. हिपॅटायटिस एची लस द्या. मूल शाळेत जाऊ शकते, डबा वाटून खाऊ शकते, सगळ्यांबरोबर खेळू शकते. आणि आईने स्वतःला दोष देत बसू नये. तिलाही हा विषाणू बहुधा तिच्या जन्माच्या वेळीच किंवा लहानपणीच मिळालेला असतो.

घरातले बाकीचे

नवरा, मोठी मुले आणि आईची भावंडे यांची एचबीएसएजी करा. निगेटिव्ह असलेल्यांनी लस घ्यावी. ताट-वाटी वेगळी करण्याची, बाईला स्वयंपाकातून बाजूला काढण्याची काहीही गरज नाही. विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधांतून पसरतो. दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळे हवे. बाळाचे जावळ काढताना न्हाव्याने नवे ब्लेड तुमच्यासमोर फोडावे आणि कान टोचताना सुई निर्जंतुक हवी.

तुमचे हक्क

- राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली व्हायरल लोडची तपासणी आणि टेनोफोव्हिर मोफत मिळते, पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिनचीही तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा आणि साठा आहे का, हे प्रसूतीच्या आधीच विचारा.
- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि तपासण्या मोफत आहेत.
- रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून दवाखान्याने प्रसूतीला नकार देणे चुकीचे आहे. रुग्णहक्कांच्या सनदेत भेदभाव न होण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने ही सनद आली आहे. खाटेवर, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आजाराचे नाव लिहिलेले असेल, तर ते काढायला सांगा.
- वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात.
- तक्रार सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडे, खासगी दवाखान्याबाबत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि ज्यांचे मूल आता दोन, पाच किंवा बारा वर्षांचे आहे, आई पॉझिटिव्ह आहे, पण मुलाचे रक्त कधीच तपासलेले नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती: मूल कितीही धडधाकट दिसत असले, तरी या आठवड्यात त्याची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासणी करून घ्या.